हायस्कूलमध्ये भरपूर मैल धावलेली मुले कॉलेजात पुढे जातात का?

अमेरिकेतील हायस्कूलच्या क्रॉस-कंट्री, म्हणजे माळरान-टेकड्यांवरून लांब पल्ल्याच्या धावण्याच्या, वर्तुळात एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला जातो. सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा आठवड्याला ७० किंवा ८० मैल, म्हणजे साधारण ११० ते १३० किलोमीटर धावत असेल, तर कॉलेजात गेल्यावर तो आणखी वेगवान होईल, की जे मिळवायचे ते त्याने हायस्कूलमध्येच मिळवून टाकलेले असेल? एका बाजूचे लोक अठराव्या वर्षी तळपलेल्या आणि विसाव्या वर्षी दिसेनाशा झालेल्या धावपटूंची नावे घेतात. दुसऱ्या बाजूचे लोक लहान वयापासून भरपूर धावून ऑलिंपिकपर्यंत पोहोचलेल्यांची नावे घेतात. दोन्ही याद्या खऱ्या आहेत, आणि नेमके म्हणूनच नुसत्या याद्यांवरून काही ठरत नाही. साप्ताहिक मायलेजचा, म्हणजे आठवड्यात धावलेल्या एकूण मैलांचा, आकडा एकटा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही, असे माझे मत आहे. मात्र त्या आकड्याशेजारी धावपटूची वेळ, त्याचे वय आणि तो त्या आकड्यापर्यंत कसा पोहोचला याचा इतिहास ठेवला, तर तोच आकडा बरेच काही सांगू लागतो.

प्रथम व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकेत हायस्कूलची चार वर्षे साधारण चौदा ते अठरा या वयात येतात. शरद ऋतूत ५ किलोमीटरची क्रॉस-कंट्री आणि वसंतात ट्रॅकवर मुख्यतः १६०० आणि ३२०० मीटर, अशा या वयातल्या लांब पल्ल्याच्या शर्यती असतात. कॉलेजात एनसीएए या संघटनेच्या नियमांखाली स्पर्धा होतात, आणि तेथे अंतरे एकदम वाढतात. पुरुषांची राष्ट्रीय क्रॉस-कंट्री शर्यत १० किलोमीटरची असते, महिलांची ६ किलोमीटरची, आणि ट्रॅकवर ५,००० व १०,००० मीटर हे मुख्य प्रकार होतात. क्रॉस-कंट्री, हिवाळ्यातील इनडोअर ट्रॅक आणि त्यानंतरचा आउटडोअर ट्रॅक असे तीन हंगाम ऑगस्टपासून जूनपर्यंत एकापाठोपाठ येतात. प्रत्येक खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत प्रत्येक प्रकाराचे चार हंगाम खेळता येतात, ही तरतूद नेहमीची. तिचे महत्त्व पुढे येईल.

शर्यतीच बदलत असल्यामुळे ‘सुधारणा’ मोजायची कशी, हा पहिला गुंता आहे. ३२०० मीटर ९ मिनिटांत धावणारा मुलगा ४०० मीटरची प्रत्येक फेरी ६७.५ सेकंदांत पूर्ण करतो. तोच मुलगा कॉलेजात ५,००० मीटर १३ मिनिटे ३० सेकंदांत धावला, तर त्याची प्रत्येक फेरी ६४.८ सेकंदांची होते. म्हणजे साडेचार फेऱ्या जास्त, आणि प्रत्येक फेरी जवळजवळ पावणेतीन सेकंदांनी वेगवान. १०,००० मीटर २८ मिनिटे ३० सेकंदांत धावण्यासाठी ६८.४ सेकंदांच्या २५ फेऱ्या लागतात, म्हणजे हायस्कूलमध्ये आठ फेऱ्या टिकलेला वेग किंचित कमी करून तो तिपटीहून अधिक अंतर टिकवायचा. या काळात त्या मुलाची १६०० मीटरची वेळ दोन सेकंदांनीही कमी झाली नसेल, आणि केवळ तीच पाहणारा माणूस ‘याची प्रगती थांबली’ असे म्हणेल. जास्त मायलेज केलेली मुले पुष्कळदा याच मार्गाने जातात. त्यांचा खरा पल्ला हायस्कूलच्या वेळापत्रकात नसतोच, तो कॉलेजात पहिल्यांदा त्यांच्या वाट्याला येतो.

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. समजा, एका कॉलेज प्रशिक्षकासमोर दोन मुलांची माहिती आहे. दोघेही ३२०० मीटर ९ मिनिटे १० सेकंदांत धावतात. पहिला आठवड्याला ३५ मैल धावून तेथे पोहोचला आहे, दुसरा ७५ मैल धावून. बहुतेक प्रशिक्षक पहिल्याला झुकते माप देतात, आणि त्यामागचा तर्क सरळ आहे. पहिल्याचे मायलेज अजून दुप्पट करता येईल आणि त्याबरोबर येणारा फायदा त्याच्या वाट्याला यायचा आहे. दुसऱ्याने त्या फायद्याचा मोठा हिस्सा आधीच घेतलेला आहे आणि तरीही तो पहिल्याच्या बरोबरीलाच आहे. ७५ वरून ९० मैलांवर गेला तरी त्याची वाढ २० टक्क्यांची असेल, आणि वरच्या टोकाला प्रत्येक जादा मैलाचे मोल कमी कमी होत जाते. ‘मैल धावलेली मुले कॉलेजात पुढे जात नाहीत’ या समजुतीचा उगम बहुधा येथेच आहे, आणि या मर्यादेत ती समजूत बरोबरही आहे. समान वेळेच्या दोन धावपटूंपैकी कमी धावलेल्याची पुढची झेप सरासरीने मोठी असणे अपेक्षितच आहे.

पण या तर्कातून ‘मैलांनी दुसऱ्या मुलाचे नुकसान केले’ हा निष्कर्ष निघत नाही, आणि लोक नेमका तोच काढतात. दुसरा मुलगा कमी धावला असता तर त्याची वेळ कदाचित ९ मिनिटे ३५ सेकंद राहिली असती आणि त्याचे नाव त्या प्रशिक्षकापर्यंत पोहोचलेच नसते. मैलांमुळे तो यादीत आला. त्याची तुलना यादीतल्या अधिक उपजत गुणवत्तेच्या मुलाशी होते, आणि त्या तुलनेत तो मागे पडला की दोष मैलांवर जातो. या मुलाची तुलना खरे तर कमी धावलेल्या त्याच मुलाशी व्हायला हवी, आणि ती तुलना करण्याची सोय जगात कोठेही नाही.

शिवाय प्रशिक्षकाचा हिशेब एका गोष्टीवर उभा आहे, ती म्हणजे पहिला मुलगा ७५ मैल सोसू शकेल. हे अजून सिद्ध झालेले नाही. ३५ मैलांवर उत्तम चालणारी अनेक शरीरे ६० मैलांवर कुरकुरू लागतात. नडगीचे हाड दुखते, घोट्यामागचा स्नायुबंध सुजतो, आणि पहिले वर्ष धावण्याऐवजी तरणतलावात व्यायाम करण्यात जाते. दुसऱ्या मुलाने निदान एवढे दाखवून दिले आहे की त्याचे पाय तो भार घेतात. त्याच्यात वाढीला वाव कमी आहे, पण अनिश्चितताही कमी आहे. मला विचारले तर मी या दोघांत सहजासहजी निवड करणार नाही, आणि फक्त मायलेज पाहून तर मुळीच नाही.

आकडेवारीच्या नावाखाली आणखी दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे, हायस्कूलमध्ये ७० मैल धावताना जी मुले जायबंदी झाली किंवा कंटाळून बाहेर पडली, ती कॉलेजच्या संघात दिसतच नाहीत. कॉलेजात पोहोचलेली जास्त मायलेजची मुले ही गाळून उरलेली मुले असतात, त्यामुळे त्यांच्याकडे पाहून मायलेज निर्धोक आहे असे म्हणणे चुकीचे ठरते. दुसरी चूक उलट दिशेची आहे. राष्ट्रीय विजेत्याने पुढच्या चार वर्षांत तेच स्थान राखावे अशी अपेक्षा ठेवली जाते. परंतु एखाद्या डिसेंबरच्या सकाळी देशात पहिला येण्यासाठी गुणवत्ता, सराव, प्रकृती आणि नशीब असे सगळेच त्या दिवशी जुळून यावे लागते. पुढच्या वर्षी त्यातील एखादी गोष्ट सामान्य पातळीवर आली, तरी तो ‘घसरला’ असे दिसते. त्यातच वयाचा प्रश्न आहे. ज्याची शारीरिक वाढ पंधराव्या वर्षीच पूर्ण झाली, तो हायस्कूलमध्ये स्वतःपेक्षा कमी वाढ झालेल्या मुलांना हरवत असतो, आणि एकोणिसाव्या वर्षी ती मुले त्याला गाठतात. तो भरपूर धावत असेल तर सगळा दोष मायलेजला दिला जातो, वास्तविक त्यात कॅलेंडरचा वाटा मोठा असतो.

मैल शरीरात नेमके काय करतात, हे जाणून घेतल्याशिवाय हा वाद पुढे सरकत नाही. सावकाश आणि दीर्घ धावण्याने स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते, पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलू लागते आणि रक्ताचे एकूण आकारमानही वाढते. या सर्वांचा परिणाम म्हणून शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते ती मर्यादा, म्हणजे व्हीओटू मॅक्स, उंचावते. ही मर्यादा मात्र काही वर्षांच्या नेटाच्या सरावानंतर बहुतेकांच्या बाबतीत स्थिरावते. जास्त मायलेजचा मुलगा अठराव्या वर्षीच तिच्या जवळ पोहोचलेला असू शकतो, आणि ‘याच्यात आता काही उरले नाही’ असे म्हणणाऱ्यांच्या मनात हीच मर्यादा असते.

पण धावण्याचा वेग केवळ या मर्यादेवर ठरत नाही. त्या मर्यादेचा किती हिस्सा दीर्घकाळ वापरता येतो, आणि ठरावीक वेगाने धावण्यासाठी किती ऑक्सिजन लागतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. दुसऱ्या गोष्टीला धावण्याची काटकसर म्हणता येईल, आणि ती अनेक वर्षे सुधारत राहते. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेबाहेरचे आहे. ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ १९९२ साली जागतिक ज्युनियर क्रॉस-कंट्री विजेती झाली आणि २००३ साली तिने २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांत मॅरेथॉन धावून जागतिक विक्रम केला. शरीरशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स यांनी या काळात तिच्या चाचण्या सातत्याने घेतल्या होत्या. तिची व्हीओटू मॅक्स सुरुवातीलाच फार उच्च होती आणि ती पुढे जवळजवळ तशीच राहिली. सुधारली ती काटकसर, आणि तीही सुमारे १५ टक्क्यांनी. अठराव्या वर्षी एक दार बंद झालेले असले तरी दुसरे दहा वर्षे उघडे राहू शकते, हे यावरून स्पष्ट होते. जास्त मायलेजच्या मुलाला कॉलेजात जायचे असते ते या दुसऱ्या दाराने.

इतिहासातील नावे आता अधिक सावधपणे वाचता येतील. एक गोष्ट मात्र आधी सांगायला हवी, की या धावपटूंच्या किशोरवयातील मायलेजचे आकडे बहुतेक त्यांच्या किंवा त्यांच्या सोबत्यांच्या सांगण्यावर आधारलेले आहेत, त्यामुळे मी येथे आकडे न देता कामगिरीच देतो.

कॅन्सस राज्यातील विचिटाचा जिम रायन १९६४ साली ४ मिनिटांच्या आत एक मैल धावणारा अमेरिकेतील पहिला हायस्कूल विद्यार्थी ठरला. त्याचा सराव अतिशय कठोर होता आणि त्यात वेगवान इंटरव्हलचा, म्हणजे मध्ये थोडी विश्रांती घेत पुन्हापुन्हा धावलेल्या छोट्या टप्प्यांचा, भरणा मोठा होता. १९६५ साली त्याने ३ मिनिटे ५५.३ सेकंदांचा हायस्कूल विक्रम केला. कॉलेजात गेल्यावर, १९६६ साली, एकोणिसाव्या वर्षी, त्याने ३ मिनिटे ५१.३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि पुढच्या वर्षी तो ३ मिनिटे ५१.१ सेकंदांवर आणला. म्हणजे तो कॉलेजात सुधारला यात शंका नाही. पण ती १९६७ ची वेळ त्याची कायमची सर्वोत्तम ठरली. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये त्याने १५०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवले. एकाच धावपटूच्या आयुष्यातून वादाच्या दोन्ही बाजूंना आपापला पुरावा मिळतो.

त्याचाच समकालीन, वॉशिंग्टन राज्यातील स्पोकेनचा जेरी लिंडग्रेन, अफाट मैल धावण्यासाठीच प्रसिद्ध होता. १९६४ साली त्याने ५,००० मीटरमध्ये १३ मिनिटे ४४ सेकंदांचा हायस्कूल विक्रम केला, जो ४० वर्षे टिकला. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात जाऊन त्याने एनसीएएची ११ विजेतेपदे जिंकली. मायलेजने मुले संपतात असे ज्यांना वाटते त्यांनी या नावाचा विचार करायला हवा. त्याचा विक्रम २००४ साली मोडला तो पोर्टलंडच्या गेलन रपने, आणि रप पुढे कॉलेजच्या विजेतेपदांवरून २०१२ च्या ऑलिंपिकमधील १०,००० मीटरच्या रौप्यपदकापर्यंत गेला.

१९६७ नंतर पुढची ३४ वर्षे अमेरिकेतील एकही हायस्कूल विद्यार्थी ४ मिनिटांच्या आत मैल धावला नाही. २००१ साली व्हर्जिनियाच्या ॲलन वेबने ही कोंडी फोडली आणि त्याच वर्षी ३ मिनिटे ५३.४३ सेकंदांत धावून जिम रायनचा विक्रम मोडला. त्याच पिढीत २००० सालच्या फूट लॉकर या हायस्कूलच्या राष्ट्रीय क्रॉस-कंट्री स्पर्धेचा निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे: पहिला डेथन रिट्झनहाइन, दुसरा वेब, तिसरा रायन हॉल. या तिघांचे पुढे काय झाले? वेबने कॉलेजात एकच वर्ष काढले, व्यावसायिक झाला, आणि २००७ साली ३ मिनिटे ४६.९१ सेकंदांत मैल धावून त्याने अमेरिकन विक्रम केला. रिट्झनहाइन कोलोरॅडो विद्यापीठात गेला, दुखापतींनी त्याचा बराच काळ खाल्ला, पण २००३ साली तो एनसीएए क्रॉस-कंट्री विजेता झाला आणि २००९ साली त्याने ५,००० मीटर १२ मिनिटे ५६.२७ सेकंदांत पूर्ण केले. हॉलची स्टॅनफर्डमधील पहिली वर्षे फार अवघड गेली, मध्यंतरी त्याने विद्यापीठ सोडले, परत आला आणि २००५ साली ५,००० मीटरचा एनसीएए विजेता ठरला. २००७ साली त्याने ५९ मिनिटे ४३ सेकंदांत अर्धमॅरेथॉन धावून राष्ट्रीय विक्रम केला. तिघेही सुधारले, पण एकाचीही वाट सरळ रेषेत गेली नाही. कॉलेजची चार वर्षे ही फार छोटी खिडकी आहे. हॉलचे दुसरे वर्ष संपताना कोणी निकाल दिला असता तर तो साफ चुकला असता.

अलीकडचे उदाहरण कॅलिफोर्नियातील न्यूबरी पार्कच्या निको यंगचे. २०१९ साली तो राष्ट्रीय हायस्कूल क्रॉस-कंट्री विजेता झाला, नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात गेला, आणि २०२४ साली त्याने इनडोअर ५,००० मीटर १२ मिनिटे ५७.१४ सेकंदांत व त्यानंतर १०,००० मीटर २६ मिनिटे ५२.७२ सेकंदांत पूर्ण केले. या वेळा जुन्या पिढ्यांशी थेट तोलू नयेत, कारण गेल्या काही वर्षांत बुटांच्या तळव्यातील नवा फेस आणि कडक पट्टी यांनी सर्वांचेच वेग वाढवले आहेत. पण हायस्कूलमध्ये अव्वल असलेला धावपटू कॉलेजात चार वर्षे सतत चढत राहू शकतो, एवढे त्यातून निश्चित दिसते.

दुसऱ्या टोकाला मिशिगनचा ग्रँट फिशर आहे. हायस्कूलमध्ये तो धावण्याबरोबर फुटबॉलही खेळत होता, तरी २०१३ आणि २०१४ अशी दोन्ही वर्षे तो फूट लॉकर विजेता ठरला. स्टॅनफर्डमध्ये असताना २०१७ साली त्याने ५,००० मीटरचे एनसीएए विजेतेपद जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५,००० आणि १०,००० मीटर या दोन्हींत कांस्यपदके मिळवली. त्याची वाट अनेक पालकांना आदर्श वाटते. पण प्रत्येकाकडे फिशरची गुणवत्ता नसते, आणि ज्याच्याकडे ती नाही त्याने कमी धावून वाट पाहावी हा सल्ला त्या मुलाला कॉलेज संघाच्या दारापर्यंतही नेणार नाही.

मैलांपेक्षा मला अधिक काळजी वाटते ती मैल कोणत्या वेगाने धावले जातात याची. ७० मैलांपैकी ६० मैल निवांत गप्पा मारता येतील अशा वेगाने धावलेला मुलगा, आणि ५० मैलांपैकी ३० मैल दात-ओठ खाऊन धावलेला मुलगा, यांत दुसऱ्याच्या शरीरावरचा ताण कितीतरी जास्त असतो. नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्त्सेनने किशोरवयातच मोठ्या प्रमाणात सराव केला, पण त्याच्या घरातील पद्धतीत कठीण सरावही रक्तातील लॅक्टेट, म्हणजे जोराच्या श्रमात वाढणारा घटक, मोजून ठरावीक मर्यादेत ठेवला जात असे. सोळाव्या वर्षी तो ४ मिनिटांच्या आत मैल धावला, सतराव्या वर्षी दोन प्रकारांत युरोपीय विजेता झाला आणि विसाव्या वर्षी १५०० मीटरचा ऑलिंपिक विजेता. तो अमेरिकन कॉलेजांच्या वाटेने गेला नाही, आणि त्याच्यासारखी प्रकृती क्वचितच आढळते. तरीही लहान वयातले मायलेज आपोआप घात करते हा दावा त्याच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

मायलेज कोठे खरोखर घातक ठरते, तर हाडांच्या बाबतीत. प्रौढ हाडांच्या एकूण घनतेपैकी सुमारे ९० टक्क्यांपर्यंत घनता मुलींत अठराव्या आणि मुलांत विसाव्या वर्षापर्यंत साठते. उंची झपाट्याने वाढते तेव्हा हाडांत खनिजे भरण्याचे काम काही महिने मागे राहते, म्हणजे हाड लांब झालेले असते पण पुरेसे भरलेले नसते. नेमक्या त्याच काळात एखाद्या मुलाने उन्हाळी सुट्टीत मायलेज ३० वरून थेट ७० वर नेले, तर नडगीत किंवा पावलाच्या हाडात स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडणारी बारीक चीर, होण्याची शक्यता वाढते. तेच ७० मैल चार वर्षांत, दरवर्षी दहा-बारा मैलांची भर घालत गाठलेले असतील, तर हाडांना त्या भाराशी जुळवून घ्यायला वेळ मिळालेला असतो. म्हणूनच ‘किती मैल’ यापेक्षा ‘किती दिवसांत तेथे पोहोचला’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. हाडांच्या जोडीला लोहाचा प्रश्न येतो. वाढत्या वयात रक्त वाढत असते, लांब धावण्याने लोहाची गरजही वाढते, आणि मुलींच्या बाबतीत मासिक पाळीतून लोह जात असते. प्रगती का थांबली याचे कोडे अनेकदा फेरिटिनच्या, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याच्या, साध्या रक्ततपासणीने सुटते.

मुलींविषयी वेगळे आणि सविस्तर बोलले पाहिजे, कारण या वादात त्यांचे सर्वाधिक नुकसान झाले आहे. तेरा-चौदा वर्षांची हलकी, किरकोळ बांध्याची मुलगी एकदम राष्ट्रीय पातळीवर धावू लागते. पुढच्या दोन-तीन वर्षांत वयात येताना तिचे शरीर बदलते, वजन वाढते, आणि काही काळ वेळा सुधारत नाहीत किंवा मंदावतात. हा नैसर्गिक टप्पा आहे आणि तो ओलांडल्यावर पुष्कळ मुली पूर्वीपेक्षा ताकदवान होतात. पण त्या काळात प्रशिक्षक किंवा पालक घाबरले, आणि मैल वाढवून व खाणे कमी करून जुने शरीर परत आणण्याचा प्रयत्न झाला, तर त्याची किंमत फार मोठी असते. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानाने आहार अपुरा पडला की शरीर आधी प्रजननसंस्थेचे काम थांबवते, पाळी बंद होते, इस्ट्रोजेन घटते आणि हाडे कमकुवत होतात. १९९० च्या दशकात डॉक्टरांनी याला महिला खेळाडूंची त्रयी असे नाव दिले. २०१४ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ही संकल्पना व्यापक करून ती मुलग्यांनाही लागू केली, आणि ऊर्जेच्या सापेक्ष कमतरतेचा परिणाम रोगप्रतिकारशक्ती, हृदय आणि मनःस्थितीवरही होतो हे अधोरेखित केले. कॉलेजात कोसळलेल्या कित्येक धावपटूंच्या बाबतीत ‘फार मैल’ असे निदान केले जाते, तेथे खरे कारण त्या मैलांना न पुरलेले अन्न असते. हा फरक करता न येणाऱ्या प्रशिक्षकाच्या हाती किशोरवयीन मुलगी देऊ नये, असे मी ठामपणे म्हणेन.

या टप्प्यातून नीट बाहेर आलेल्यांची उदाहरणेही आहेत. न्यूयॉर्क राज्यातील केटलिन टूहीने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षे राष्ट्रीय हायस्कूल क्रॉस-कंट्री विजेतेपद जिंकले. इतक्या लवकर वर आलेली मुलगी टिकणार नाही असे अनेकांना वाटले होते. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात ती २०२२ साली एनसीएए क्रॉस-कंट्री विजेती झाली आणि २०२३ साली तिने ४ मिनिटे २४.२६ सेकंदांत मैल धावून दाखवला. २०२३ ची क्रॉस-कंट्री विजेती, फ्लोरिडा विद्यापीठाची पार्कर व्हॅल्बी, हिची तऱ्हा अगदी निराळी आहे. दुखापतींमुळे ती आठवड्यातून मोजकेच दिवस धावत असे आणि बाकीचा सराव पायांवर आघात न होणाऱ्या यंत्रांवर करत असे. तिचे मायलेज कमी होते, पण हृदय आणि फुफ्फुसांचे काम कमी नव्हते. मैल हे श्रम मोजण्याचे एक माप आहे आणि तेही अपुरे, हे तिच्या सरावावरून कळते.

शेवटी कॉलेजचे वातावरण. अठरा वर्षांचा मुलगा घर सोडतो, झोप कमी होते, जेवणाच्या वेळा बिघडतात, अभ्यास वाढतो. काही विद्यापीठे उंचावर आहेत. नॉर्दर्न ॲरिझोनाचे फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटरवर आहे, आणि तेथे तेच मैल शरीराला जड जातात. संघात बावीस-तेवीस वर्षांचे धावपटू असतात, आणि त्यांच्या निवांत वेगाला नवा मुलगा धापा टाकत असतो. मायलेजचा आकडा हायस्कूलइतकाच राहिला तरी त्याचा प्रत्येक इझी रन, म्हणजे निवांत धावणे, मध्यम-कठीण झालेला असतो. वर शिष्यवृत्तीचा दबाव असतो. अनेक वर्षे पुरुषांच्या पहिल्या श्रेणीतील संघाला क्रॉस-कंट्री आणि ट्रॅक मिळून १२.६ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम वाटता येत असे, त्यामुळे बहुतेकांना तुकड्यांत मदत मिळे आणि ती टिकवण्यासाठी पहिल्याच हंगामात निकाल दाखवण्याची घाई होई.

म्हणून जास्त मायलेज घेऊन आलेल्या मुलाच्या बाबतीत पहिल्या वर्षाचे नियोजन निर्णायक ठरते. पहिल्या शरद ऋतूत त्याचे मैल वाढवू नयेत. उलट दहा टक्के कमी करावेत आणि इझी रन त्याच्याच वेगाने होऊ द्यावेत. त्याला हायस्कूलमध्ये जे मिळाले नाही ते द्यावे: वजन उचलण्याचा सराव, छोटे आणि खरोखर वेगवान धावणे, उंबरठ्याच्या वेगाचे, म्हणजे बराच वेळ जेमतेम टिकवता येईल अशा वेगाचे, सलग दीर्घ धावणे (टेम्पो), आणि पुरेशी झोप. गरज वाटली तर तो पहिला क्रॉस-कंट्री हंगाम शर्यतींविना जाऊ द्यावा, कारण पाच वर्षांच्या मुदतीची तरतूद याचसाठी वापरता येते. मैल वाढवायचे असतील तर ते दुसऱ्या वर्षी, आणि त्याच वेळी सरावाची तीव्रता वाढवू नये. पालकांनी कॉलेज निवडताना प्रशिक्षकाला विचारण्याचा प्रश्नही यातूनच निघतो: तुमच्या संघात चार वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी किती जण आज धावत आहेत? केवळ विजेत्यांची नावे सांगणाऱ्या प्रशिक्षकाला हाच प्रश्न पुन्हा विचारावा.